माचनूरचा रेडिओ : परवान्याआधीची दहा वर्षं

सोलापूरहून हैदराबादला निघालं की नळदुर्ग, उमरगा, हुमनाबाद मागे पडतात आणि मग जहीराबाद लागतं. कर्नाटक संपून तेलंगणा लागला, एवढीच खूणगाठ बांधून बहुतेक गाड्या पुढे जातात. याच जहीराबादच्या पंचक्रोशीत माचनूर नावाचं खेडं आहे. (मंगळवेढ्याजवळचं, भीमेकाठच्या सिद्धेश्वराचं माचणूर वेगळं.) स्वयंसेवी संस्थेला परवाना मिळून सुरू झालेलं भारतातलं पहिलं सामुदायिक रेडिओ केंद्र या माचनूरमध्ये आहे. नाव संघम रेडिओ, लहर ९०.४ मेगाहर्ट्झ, सुरुवात १५ ऑक्टोबर २००८. ते चालवायला उभ्या राहिल्या दोन दलित तरुणी, आणि दोघींचंही नाव नरसम्मा. एक अलगोल गावची म्हणून अलगोल नरसम्मा, दुसरी ‘जनरल’ नरसम्मा या नावानं ओळखली जाणारी.

या केंद्रामागचा माणूस म्हणजे पी. व्ही. सतीश. १९ मार्च २०२३ रोजी वयाच्या ७७ व्या वर्षी हैदराबादला त्यांचं निधन झालं आणि जहीराबादला लागून असलेल्या पस्तापूरच्या मातीत, जिथून त्यांच्या डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटी या संस्थेचं काम चाले तिथेच, त्यांना निरोप दिला गेला. ते वर्ष भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष होतं, त्यामुळे ‘मिलेट मॅन’ ही त्यांची ओळख पुढे आली. ती खरीच आहे. पण माझा जीव रेडिओत अडकलेला, आणि मला त्यांच्या कामातला हा दुसरा धागा फार मोलाचा वाटतो. छोट्या गावाचा स्वतःचा रेडिओ असावा असं म्हणणारे पुष्कळ होते. तो प्रत्यक्षात कसा घडवायचा हे दाखवणारे मोजके होते, आणि सतीश त्यांतले एक.

प्रकरण थोडक्यात असं. परवाना मिळाला २००८ साली. रेडिओचं काम सुरू झालं होतं १९९८ च्या सुमारास. मधल्या दहा वर्षांत या केंद्रातून हवेत एक अक्षरही गेलं नाही, कारण कायद्यानं ती परवानगी नव्हती. मग स्टुडिओ बांधून, मुलींना शिकवून, दहा वर्षं नेमकं काय केलं? आणि ती वर्षं फुकट गेली का?

दिल्लीहून खाली येणारा आवाज

सतीश मूळचे म्हैसूरचे, जन्म १९४५ चा. दिल्लीच्या भारतीय जनसंचार संस्थेत शिकले, पत्रकारिता केली आणि मग जवळजवळ दोन दशकं दूरदर्शनसाठी निर्माता म्हणून काम केलं. त्यांचा भर अविभाजित आंध्रातल्या ग्रामीण कार्यक्रमांवर होता. १९७५-७६ च्या ‘साइट’ प्रयोगातही ते होते. त्या प्रयोगात अमेरिकेचा एटीएस-६ उपग्रह वर्षभर भारताकडे वळवला होता आणि सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० गावांत सामुदायिक दूरचित्रवाणी संच बसवले होते. ज्या गावात वीज धड नव्हती तिथे लोकांनी पडद्यावर शेतीचे कार्यक्रम पाहिले. त्या काळाच्या मानानं ही फार मोठी झेप होती.

पण त्या रचनेत सगळं वरून खाली येत होतं. गावाकडून वर जायला वाटच नव्हती. सतीश यांनी ही व्यवस्था आतून पाहिली होती, आणि माझ्या मते त्यांच्या पुढच्या सगळ्या कामाची गुरुकिल्ली इथे आहे. माध्यमाच्या बाहेरचा माणूस कॅमेऱ्याला बिचकतो नाहीतर भुलतो. यांना स्टुडिओतली प्रत्येक खुर्ची माहीत होती, त्यामुळे कोणती खुर्ची कोणाला द्यायची हे ठरवणं त्यांना जमलं.

इथे एक आपल्याकडची गोष्ट सांगायलाच हवी. १९५६ साली युनेस्कोच्या मदतीनं आकाशवाणीच्या पुणे केंद्रानं शेतकरी श्रोता मंडळांचा प्रयोग केला. तेव्हाच्या मुंबई राज्यातल्या पाच जिल्ह्यांतली १५० गावं त्यासाठी निवडली होती. आठवड्यातून दोनदा अर्धा तास कार्यक्रम, असे दहा आठवड्यांत वीस कार्यक्रम. गावातली मंडळी एकत्र बसून ऐकणार, चर्चा करणार, काय करायचं ते ठरवणार, आणि शंका पुण्याला लिहून पाठवणार. टाटा समाजविज्ञान संस्थेनं त्याचं मूल्यमापन केलं, आणि संपर्कमाध्यमांच्या अभ्यासात हा प्रयोग आजही शिकवला जातो. निकाल उत्साहवर्धक होते. शेतकरी नुसते ऐकत नव्हते, बोलत होते. मात्र त्यांचं बोलणं गावात राही, पत्रानं पुण्याला जाई, आणि मायक्रोफोनसमोर पुन्हा पुण्यातलाच माणूस बसे. माचनूरचा प्रयोग याच प्रयोगाच्या पुढचं पाऊल आहे असं मी मानतो. युनेस्कोच दोन्हीकडे मदतीला होती, मध्ये चाळीस वर्षं गेली, आणि या खेपेला मायक्रोफोन गावात आला.

संघम आधी, रेडिओ नंतर

डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटी १९८३ साली सुरू झाली. जहीराबाद भागातल्या पंचाहत्तरच्या आसपास गावांत बायकांचे संघम, म्हणजे गावपातळीवरचे गट, उभे राहिले. बहुतेक सभासद दलित, अल्पभूधारक किंवा मजुरी करणाऱ्या. पडीक जमिनी लागवडीखाली आणणं, गावातच बियाण्यांच्या पेढ्या उभ्या करणं, गावातच पिकलेली ज्वारी गावातल्याच गरिबांना स्वस्तात मिळावी म्हणून पर्यायी रेशनव्यवस्था चालवणं, ही कामं आधी झाली. एकरभर रानात वीस-वीस पिकं एकत्र घेणाऱ्या या बायका. राळं, वरई, ज्वारी, बाजरी, तूर, आणि रब्बीत नुसत्या थंडी-दवावर येणारी करडई, जवस, हरभरा. या रब्बीच्या पिकांना त्या ‘सत्यम पंटलु’ म्हणतात, सत्याची पिकं.

म्हणजे रेडिओ आला तेव्हा सांगण्याजोगं पुष्कळ होतं आणि ऐकणारे लोक आधीच एकत्र बसत होते. सामुदायिक रेडिओबद्दल बोलताना हे फार पटकन विसरलं जातं. लोक आधी अँटेनाचा खांब उभा करतात, मग वक्ता शोधतात, मग विषय शोधतात.

संघमच्या बायकांना स्वतःचा रेडिओ का हवा होता? आकाशवाणी होतीच की. पण तिची भाषा त्यांची नव्हती. तेलंगणातल्या खेड्यातली तेलुगू उर्दू, मराठी, कन्नड शब्दांत मुरलेली असते. बातम्यांतली तेलुगू पुस्तकी. अहिराणी किंवा झाडीबोली बोलणाऱ्या घरात मुंबईचं बातमीपत्र लागल्यावर आजीला जे वाटतं, तेच तिथे. त्यात हवामान, खत, बी-बियाणं यांचा सल्ला असा यायचा की जणू ऐकणारी स्वतः काहीच जाणत नाही. ज्या बाईच्या कणगीत पन्नास जातींचं बी आहे, तिला संकरित बियाण्याचं महत्त्व समजावून सांगणारा आवाज किती दिवस गोड लागेल?

बायकांनी व्हिडिओ शिकतानाची एक गोष्ट मला सगळ्यात जास्त आवडते. याच संस्थेत साक्षर-निरक्षर शेतकरी बायकांनी कॅमेरा हाती घेतला आणि २००१ मध्ये त्यांचा कम्युनिटी मीडिया ट्रस्ट झाला. शिकताना त्यांनी कॅमेऱ्याच्या कोनांना स्वतःची नावं दिली. वरून खाली पाहणारा कोन म्हणजे पटेल शॉट, कारण गावचा पटेल असाच बघतो. खालून वर पाहणारा कोन म्हणजे गड्याची, वेठीवर राबणाऱ्याची नजर. आणि समोरासमोर, डोळ्याला डोळा भिडवणारा कोन म्हणजे संघम शॉट, कारण संघमात सगळ्या एका पातळीवर जमिनीवर बसतात. मराठवाड्यातल्या वाचकाला हे समजावून सांगायची गरज नाही. निजामाच्या राज्यातली पटेल-पटवारीची नजर आपल्याही आज्या-पणज्यांनी पाहिली आहे. चित्रपटशाळेत हे कोन महिनाभर शिकवतात. इथे बायकांनी ते आपल्या आयुष्यातून ओळखले. शिकवणाऱ्यानं तोंड मिटून बसण्याचा संयम ठेवला, म्हणूनच हे झालं.

कायदा काय म्हणत होता

बिनतारी प्रक्षेपणावर १८८५ चा तार कायदा आणि १९३३ चा वायरलेस टेलिग्राफी कायदा यांची पकड होती. परवान्याशिवाय प्रक्षेपण म्हणजे गुन्हा, मग ते विनाशुल्क असो की बाळाच्या अंगाईचं.

यात पहिली फट पाडली ती क्रिकेटनं. १९९३ च्या हिरो कपच्या सामन्यांचं प्रक्षेपण कोणी करायचं यावरून बंगालची क्रिकेट संघटना आणि सरकार यांच्यात वाद झाला. तो सर्वोच्च न्यायालयात गेला. ९ फेब्रुवारी १९९५ ला निकाल लागला : रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, तिचा वापर लोकांच्या हितासाठी व्हावा, आणि तिच्यावर सरकारचीही मक्तेदारी असू नये. निकाल देणाऱ्या खंडपीठात न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते. पुढे प्रेस कौन्सिलचे अध्यक्ष झालेले, अखेरपर्यंत पुण्यातून सार्वजनिक प्रश्नांवर बोलत राहिलेले ते आपले सावंत.

निकाल लागला, धोरण मात्र आलं नाही. १९९६ मध्ये बंगळुरूला कार्यकर्ते जमले आणि त्यांनी सामुदायिक रेडिओची मागणी करणारा जाहीरनामा काढला. जुलै २००० मध्ये चार दिवसांची बैठक झाली आणि तिथून ‘पस्तापूर पुढाकार’ या नावानं पुन्हा तीच मागणी गेली. त्याच सुमाराला शहरांतल्या खासगी एफएम लहरींचे लिलाव झाले. म्हणजे लहर विकत घेणाऱ्यासाठी दार उघडलं, गावासाठी नाही. २००२ च्या डिसेंबरात शिक्षणसंस्थांना परवानगी मिळाली आणि १ फेब्रुवारी २००४ ला चेन्नईत अण्णा विद्यापीठाचा अण्णा एफएम सुरू झाला. पण संस्था-संघटनांना अजूनही मनाईच होती.

या काळात ज्यांनी वाट पाहिली नाही त्यांचं काय झालं? कुर्नूल जिल्ह्यातल्या ओर्वकल्लूमध्ये बचतगटाच्या बायकांनी अगदी कमी ताकदीच्या प्रक्षेपकावर ‘मना रेडिओ’ चालवला. २००३ मध्ये तो बंद पाडून सामग्री जप्त झाली. बिहारच्या वैशाली जिल्ह्यातल्या मन्सूरपूरमध्ये रेडिओ दुरुस्त करणाऱ्या राघव महतो नावाच्या तरुणानं अवघ्या पन्नासेक रुपयांच्या सुट्या भागांतून एफएम उभा केला. बांबूवर अँटेना बांधली आणि भोजपुरी गाणी नि गावातल्या सूचना ऐकवल्या. २००६ मध्ये तोही बंद झाला. या दोघांबद्दल मला नितांत आदर आहे. त्यांनी दाखवून दिलं की यात तंत्रज्ञानाची अडचण कधी नव्हतीच.

सतीश यांनी तिसरी वाट धरली, आणि मला ती सगळ्यात कठीण वाटते. कायदा मोडायचा नाही, आणि कायदा बदलेपर्यंत हात बांधूनही बसायचं नाही.

कॅसेटवरचा रेडिओ

युनेस्कोच्या मदतीनं माचनूरमध्ये स्टुडिओ उभा राहिला. दोघी नरसम्मांनी ध्वनिमुद्रण, संपादन, कार्यक्रमाची बांधणी शिकून घेतली. दहावीपर्यंतचं शिक्षण, घरची शेती-मजुरी, आणि हातात टेपरेकॉर्डर. गावोगाव जाऊन त्या बायकांशी बोलायच्या. पेरणीची, काढणीची गाणी, अंगाया, बियाणं राखेत आणि कडुनिंबाच्या पाल्यात कसं ठेवायचं, बाळंतिणीला काय खायला द्यायचं, गुराला पोटफुगी झाली तर काय करायचं, सणावाराच्या कथा, संघमातले वाद. ते सगळं मुद्रित करून कार्यक्रम बांधायचा. आणि हवेत सोडता येत नाही म्हणून कॅसेट संघमच्या बैठकीत नेऊन लावायची.

एवढाच तो दहा वर्षांचा रेडिओ. कागदावर वाचताना फार काही वाटत नाही. पण यात काय काय घडलं ते बघा.

प्रक्षेपणात निवेदकाला ऐकणारा दिसत नाही. इथे कॅसेट लावणारी आणि ऐकणारी समोरासमोर बसत. कुठे लोक हसले, कुठे चुळबुळ झाली, कुठे कोणी म्हटलं की ‘हे चुकीचं सांगितलंय, आमच्याकडं असं नाही करत’, हे तिथल्या तिथे कळत होतं. मोठ्या केंद्राला श्रोत्यांचं सर्वेक्षण करायला पैसे मोजावे लागतात. माचनूरला ते दर बैठकीत मिळत होतं. चूक झाली तर पुसून पुन्हा मुद्रित करता येत होती. निवेदनाची, आवाजाची, वेळेची शिस्त घडायला दहा वर्षं मिळाली, आणि हळूहळू बोलायला बिचकणाऱ्या बायकांनाही स्वतःचा आवाज यंत्रातून ऐकायची सवय झाली. आपलं बोलणं मुद्रित करून ठेवण्याच्या लायकीचं आहे, ही गोष्ट ज्यांना आयुष्यात कोणी सांगितली नव्हती, त्यांच्या दृष्टीनं हे लहान नव्हतं.

दुसरं, या काळात कार्यक्रमांचा साठा तयार झाला. केंद्र सुरू झाल्यावर पहिल्या सहा महिन्यांत विषय संपतात आणि मग चित्रपटगीतांवर वेळ मारून नेली जाते, हा छोट्या केंद्रांचा जुना रोग. माचनूरच्या वाट्याला तो आला नाही.

तिसरं, आणि माझ्या लेखी महत्त्वाचं : मागणीला पुरावा मिळाला. दिल्लीत बसलेल्या अधिकाऱ्याला ‘खेड्यातल्या निरक्षर बायका रेडिओ चालवतील काय’ ही शंका असेल, तर उत्तरादाखल तयार स्टुडिओ आणि तयार कार्यक्रम दाखवता येत होते. पुढे सामुदायिक रेडिओच्या चर्चेत माचनूरचं नाव पुन्हा पुन्हा येत राहिलं ते यामुळे.

१६ नोव्हेंबर २००६ ला नवं धोरण आलं. किमान तीन वर्षं काम केलेल्या संस्थांना अर्ज करायची मुभा मिळाली. परवानगी ५० वॅट प्रक्षेपकाची, अँटेनामुळे मिळणारी प्रभावी ताकद १०० वॅटपर्यंत, मनोरा ३० मीटरपेक्षा उंच नाही. मग अर्ज, निरनिराळ्या मंत्रालयांची मंजुरी, लहरीचं वाटप, करार, असं करत आणखी दोन वर्षं. १५ ऑक्टोबर २००८, ग्रामीण स्त्रियांचा जागतिक दिवस. उद्घाटनाला बोलावलं होतं न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांना. तेरा वर्षांपूर्वी ज्यांनी लिहिलं होतं की लहरी लोकांच्या आहेत, त्यांनीच माचनूरमध्ये ती लहर लोकांच्या हाती दिली. हे ज्यांना सुचलं त्यांची जाण केवढी होती!

रोज संध्याकाळी सात ते नऊ प्रक्षेपण ठरलं. शेतातून आल्यावर, चुलीपाशी, जेवणाच्या वेळी. माळरानावरच्या सपाट मुलखात आवाज पंचवीसेक किलोमीटर पोचतो आणि शंभरएक गावं त्याच्या टप्प्यात येतात. दोनच महिन्यांनी, डिसेंबर २००८ मध्ये, साताऱ्याच्या म्हसवडला माणदेशी तरंग वाहिनी सुरू झाली, तीही ९०.४ वरच. ताकद इतकी कमी की शेकडो किलोमीटरवरच्या दोन केंद्रांना एकच लहर बिनदिक्कत देता येते.

जे खुपतं तेही

इतकी आस्था असूनही काही गोष्टी मला अस्वस्थ करतात. संघम रेडिओ ज्या संस्थेचा, तिची शेतीबद्दलची भूमिका ठाम होती : भरडधान्यं, देशी बी, रसायनमुक्त शेती, बीटी कापसाला विरोध. त्यातलं पुष्कळ मला पटतं. पण त्याच टापूत ऊस लावणारा, कापूस लावणारा शेतकरीही राहतो. त्याला या केंद्रावर आपली बाजू मांडायला किती जागा? परवाना संस्थेच्या नावानं मिळतो, आणि ‘समुदाय’ म्हणजे संस्थेचे सभासद की टप्प्यातलं प्रत्येक घर, हा प्रश्न धोरणानं मोकळाच ठेवला. माचनूरच्या बाजूनं एवढं म्हणता येईल की त्या बायकांचा आवाज शंभर वर्षांत कुठल्याच केंद्रावर नव्हता, तेव्हा तराजू थोडा त्यांच्याकडे झुकला तर बिघडलं काय. तरीही नवं केंद्र काढणाऱ्यानं हा प्रश्न टाळू नये.

पैशांचा प्रश्न वेगळाच. २०१२ मध्ये लहरीच्या वापराचं वार्षिक शुल्क १९,७०० रुपयांवरून थेट ९१,००० रुपयांवर नेलं गेलं. देशभरच्या केंद्रांनी विरोध केला आणि वाढ मागे घ्यावी लागली. पण एका परिपत्रकानं गावचा रेडिओ बंद पडू शकतो, हे त्या वेळी सगळ्यांना दिसलं. फेब्रुवारी २०२४ च्या सुधारणांत पहिल्या परवानगीची मुदत पाचाऐवजी दहा वर्षं झाली आणि जाहिरातींना तासाला सातऐवजी बारा मिनिटं मिळाली. हा दिलासा खराच. देशात आज अशी पाचशेच्या जवळपास केंद्रं आहेत, त्यांतली बरीच शिक्षणसंस्थांची आणि शहरांतली. खेड्यातल्या बायकांच्या हातातली अजूनही थोडी.

आणि बातम्या. सामुदायिक केंद्राला स्वतः बातम्या द्यायची परवानगी तेव्हाही नव्हती आणि सतीश गेले तेव्हाही नव्हती. आकाशवाणीचं बातमीपत्र जसंच्या तसं लावता येतं, तेवढंच. हवामान, बाजारभाव, जत्रा, परीक्षा, नोकरीच्या जाहिराती चालतात. त्यामुळे संध्याकाळी सातला माचनूरहून बियाण्याच्या पेढीत राळ्याचं बी किती शिल्लक आहे हे सांगता येतं, तिळाच्या पेरणीचं गाणं लावता येतं. पण सकाळी तहसील कचेरीसमोर बसलेल्या बायकांना काय उत्तर मिळालं, हे त्यांच्याच रेडिओवर त्यांच्याच नरसम्माला बातमी म्हणून सांगता येत नाही.